मागील तपासणीचा निष्कर्ष रोग्यास सांगावा काय?

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयांत धारावीसारख्या वस्त्यांतून अनेक स्त्रिया येतात. समजा, अशा एका स्त्रीनें तीन वर्षांपूर्वीं गर्भाशयमुखाची तपासणी करविली, तेव्हां ‘कांहीं दोष नाहीं’ असें तिला कळलें, आणि आज तेथेंच कर्करोग आढळला. त्यावेळीं रोग नव्हता, कीं असून दिसला नाहीं? तिच्या या प्रश्नाचें उत्तर हवें, तर जुन्या तपासणीचा पडताळा घ्यावा लागतो.

जेथें पेशींचा नमुना कांचेच्या पट्टीवर घेऊन ती जपून ठेवितात, तेथें दुसरा तज्ज्ञ ती सूक्ष्मदर्शकाखालीं पुन्हा पाहतो. परंतु पुढें कर्करोग झाला, हें त्यास बहुधा ठाऊक असतें. उत्तर माहीत असलेलें कोडें नेहमींच सोपें वाटतें. शिवाय काळजीपूर्वक केलेल्या तपासणींतूनहि कांहीं रोगी निसटतात. म्हणून ‘पट्टी निराळी वाचतां आली असती’ आणि ‘निष्काळजीपणा झाला’ हीं दोन विधानें एक नव्हेत.

तथापि, एवढ्यामुळें मौन समर्थनीय ठरत नाहीं. आयर्लंडांत व्हिकी फेलन या बाईंचा २०११ सालचा नमुना निर्दोष ठरला होता. २०१४ मध्यें त्यांस कर्करोग झाल्याचें निदान झालें. जुनें वाचन चुकल्याचें पडताळ्यांत दिसलें, पण ही गोष्ट त्यांच्या कानीं २०१७ मध्यें आली. २०१८ सालीं प्रकरण उघडकीस आलें, तेव्हां निराळा निकाल मिळून लवकर उपचार होण्याचा संभव होता अशा २०९ स्त्रियांपैकीं १६२ जणींस पडताळ्याचा निष्कर्ष कळविलाच नव्हता, असें आढळलें. लोकांचा क्षोभ चुकीहून लपवाछपवीवर अधिक झाला. अशी माहिती रोग्यास देण्याविषयीं तेथें २०२३ सालीं कायदा झाला; तत्पूर्वींच, २०२२ मध्यें, फेलनबाई वारल्या होत्या.

मुंबईंत आणखी एक अडचण आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ पासून झोपडवस्त्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांचे दोन गट करून एका गटाची दर दोन वर्षांनीं तपासणी केली. गर्भाशयमुखास पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावून पांढरे डाग उमटतात काय, हें प्रशिक्षित सेविका डोळ्यांनीं पाहत. त्या गटांत या रोगाचे मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटले. पद्धत स्वस्त व उपकारक आहे. मात्र तींत कांच मागें उरत नाहीं, उरते ती केवळ नोंद. ती नोंद हरवली, तर पडताळाहि हरवला. यास्तव तपासणीचा कागद प्रत्येक स्त्रीनें मागून घ्यावा व घरीं जपून ठेवावा.

सांगण्याची रीतहि महत्त्वाची आहे. “बाई, तुमच्या मागील तपासणीचा पडताळा घेतला आहे. त्यांत काय आढळलें, तें ऐकण्याची तुमची इच्छा आहे काय?” असें डॉक्टरांनीं आधीं विचारावें. ती आज नको म्हणाली, तर पुढें केव्हांहि विचारण्याची तिला मुभा असावी. आपल्याकडे अशी वार्ता प्रथम पतीस किंवा मुलास सांगण्याचा प्रघात आहे. त्यामागें माया असते. पण देह तिचा, रोग तिचा, तेव्हां त्याविषयींचें सत्य प्रथम ऐकण्याचा अधिकारहि तिचाच आहे.