मालक नसलेली बाटली

दिल्लीतल्या मायापुरीचा भंगार बाजार मोठा. २०१०च्या फेब्रुवारीत तिथल्या व्यापाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठाच्या लिलावातून एक अवजड यंत्र उचललं. रसायनशास्त्र विभागातलं हे ‘गॅमासेल २२०’ कॅनडाहून १९७०च्या आसपास आलेलं, आणि त्याच्या पोटात किरणोत्सारी कोबाल्ट-६०. वापरणारे प्राध्यापक निवृत्त झाले, १९८५ नंतर यंत्राला कुणी हात लावला नाही. पंचवीस वर्षं ते खोलीत पडून राहिलं आणि शेवटी खोली रिकामी करायची म्हणून भंगारात निघालं.

भंगारवाल्यांनी धातूसाठी ते फोडलं. एप्रिलमध्ये माणसं आजारी पडू लागली. कातडी काळवंडली, केस गळले. एक जण दगावला. शोध घेताना किरणोत्सारी तुकडा एकाच्या पाकिटातही सापडला. कोबाल्ट-६०ची तीव्रता दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते, त्या हिशेबानं चाळीस वर्षांत मूळच्या तीव्रतेचा शंभरावा हिस्साही उरला नसणार. एवढ्यानंही माणूस गेला. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर हा अपघात सातपैकी चौथ्या पायरीचा ठरला. अशा स्रोतांवर देखरेख ठेवणाऱ्या मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १९८३ची. म्हणजे यंत्र नियामकापेक्षा वयानं मोठं.

महाराष्ट्रातल्या कॉलेजांत काम केलेल्यांना डेडस्टॉक रजिस्टर आणि निर्लेखन समिती हे शब्द नवे नाहीत. समिती वस्तूची किंमत शून्यावर आणते. वस्तूच्या आत काय आहे, हे रजिस्टरच्या कुठल्याच रकान्यात नसतं. मायापुरीचं मूळ मला त्या कोऱ्या जागेत दिसतं.

ब्राझीलमधल्या गोयानियात याहून भयंकर घडलं होतं. तिथलं एक खासगी किरणोपचार केंद्र १९८५च्या अखेरीस नव्या जागेत गेलं आणि सीझियम-१३७चं यंत्र जुन्या इमारतीतच सोडून गेलं. १९८७च्या सप्टेंबरमध्ये दोघांनी ते भंगारासाठी काढून नेलं. आतली निळी चमकणारी भुकटी घराघरांत कौतुकानं वाटली गेली. चौघांचा बळी गेला, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती.

श्रीमंत देशांतही तीच गत. २०१४च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची बेथेस्डामधली एक प्रयोगशाळा हलवायची तयारी सुरू होती. आवराआवरीत शीतखोलीतल्या एका खोक्यात देवीच्या विषाणूच्या कुप्या निघाल्या, १९५०च्या दशकातल्या. जगातला देवीचा साठा फक्त अटलांटा आणि रशियातल्या कोल्त्सोवो इथेच आहे, असं सगळे धरून चालले होते. दोन कुप्यांतला विषाणू जिवंत निघाला.

प्रयोगशाळा हलवणं हे टेम्पो बोलावून करायचं काम नव्हे, ते यामुळेच. आधी यादी करायची: काय न्यायचं, काय दुसऱ्या विभागाला द्यायचं, काय घातक कचरा म्हणून अधिकृत संस्थेकडे सोपवायचं. मग वेगळं करणं. कपाटातल्या बाटल्या वर्णक्रमानं खोक्यात भरणं ही नेहमीची चूक. इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे ॲसिटिक आम्लाशेजारी अमोनियम नायट्रेट येतं आणि ही जोडी एकत्र ठेवायची नसते. आम्लं एकीकडे, सायनाइडं दुसरीकडे, ऑक्सिडीकारक पदार्थ सेंद्रिय द्रावकांपासून दूर. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी बसवायची. द्रव नायट्रोजन लिफ्टनं नेताना आत माणूस उभा राहणार नाही, हे पाहायचं.

सगळ्यात वाईट म्हणजे विसरलेल्या बाटल्या. उघडलेल्या ईथरमध्ये हवेच्या संपर्कानं पेरॉक्साइड साठतात. झाकणाभोवती स्फटिक दिसले तर झाकण फिरवणंच जिवावर बेतू शकतं. पिक्रिक आम्ल पाण्यात भिजलेलं असेपर्यंत सुरक्षित. वाळलं की स्फोटक. सोडियम अझाइड वर्षानुवर्षं बेसिनमध्ये ओतलं असेल तर तांब्या-शिशाच्या नळ्यांत स्फोटक अझाइडं तयार होतात, म्हणजे प्लंबरलाही सांगून ठेवायला हवं. फुटलेल्या तापमापकांचा पारा फरशीच्या फटींत बसलेला असतो. असल्या बाटलीला कुणी हात लावू नये, हलवू नये, जाणकाराला बोलवावं.

जागा सोडताना ओटे, सिंक, फ्यूम हूड पुसून त्या फडक्यांची तपासणी होते, धोक्याच्या पाट्या काढल्या जातात, आणि मगच रंगारी-सुताराला आत सोडतात. मँचेस्टर विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ रुदरफर्डच्या जुन्या प्रयोगशाळेच्या इमारतीत पुढं मानसशास्त्र विभाग बसला; रेडियम-पाऱ्याच्या अवशेषांविषयी तिथल्या माणसांना शंका येऊ लागली ती कित्येक दशकांनी.

या सगळ्या घटनांत वाहतुकीनं कुणाचा घात झालेला नाही. ‘हे माझं आहे’ म्हणणारं कुणी उरलं नाही, तिथं घात झाला. म्हणून यादी प्राध्यापक निवृत्त होण्याच्या वर्षभर आधी व्हावी, निवृत्तीनंतर नव्हे. ग्रंथालयाची पुस्तकं परत केल्याशिवाय ना-देय दाखला मिळत नाही. त्याच कागदावर विद्यापीठांनी आणखी एक ओळ घालावी: आपल्या नावावरची रसायनं, कुप्या आणि किरणोत्सारी स्रोत कुणाच्या हवाली केले?