बेडकाच्या पेटीतला मनीप्लांट

मे महिन्यात जयपुरात लू सुटली की दोरीवर टाकलेला टॉवेल बघता बघता कडक होतो. अशा शहरात बेडूक पाळायचा म्हणजे त्याच्यासाठी काचपेटीत कोकणच वसवायचं.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांजवळच्या पातळ कातडीने ते शोषतो आणि हवा कोरडी पडली की कातडीतूनच सुकतो. म्हणून पेटीतली झाडं केवळ शोभेची नव्हेत. मुळं ओल वर ओढतात, पानं ती हवेत सोडतात आणि सकाळी काचेवर दव दिसतं. लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ मध्ये बंद काचेत ओल टिकवायची ही युक्ती अपघातानेच सापडली. त्यांनी बंद बाटलीत पतंगाचा कोष ठेवला होता, उगवला नेचा!

झाडाच्या निवडीत नखरे नकोत. मनीप्लांट आणि सिंगोनियम कमी उजेडात तगतात. ऑस्ट्रेलियाचा हिरवा वृक्षबेडूक दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. तो नाजूक नेच्यावर बसला की नेचा आडवा.

खरी गोम मातीत आहे. नर्सरीतल्या रोपावर कीटकनाशक असू शकतं, कुंडीत खताचे दाणे असतात आणि बेडकाची कातडी यातलं काहीच अडवत नाही. रोप आणलं की जुनी माती पार झाडून मुळं वाहत्या पाण्यात धुवा, पानांची खालची बाजूही पुसा. मग महिनाभर ते बिनखताच्या कोकोपीटमध्ये वेगळं ठेवा. पेटीत तळाशी विटांचे तुकडे, त्यावर जाळी, वर कोकोपीट. नाहीतर मुळं कुजून वास सुटतो.

जुलैत हवाच दमट होते. तेव्हा झाकण जाळीचं नसेल तर बुरशी ठरलेली. आणि झाडं ओल देतात, गारवा देत नाहीत. पारा ४५ अंशांवर गेला की काचपेटीची भट्टी होते. घरात एसी नसेल तर बेडूक आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंगणातला पकडून आणायचा विचारही नको. आपला मोठा बैलबेडूक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. परदेशी विषारी डार्ट बेडकांसारख्या ‘साइटिस’ या वन्यजीव-व्यापार कराराच्या यादीतल्या जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते.

जयपूरकर उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी झाडाला पाण्याचे परिंडे बांधतात. यंदा अंगणातल्या बेडकांसाठी एक उथळ परळ खाली, कुंड्यांच्या सावलीतही ठेवा.