नाण्यांतून भूगोल

आपल्याकडे भूगोल हा विषय राजधान्या, नद्या आणि पिके यांची यादी होऊन बसला आहे. यादी पाठ होते, परीक्षा होते आणि यादी विसरली जाते. देशोदेशींची नाणी जमविणारा विद्यार्थी नेमका उलट्या वाटेने जातो. वस्तू आधी हातात येते, ती कोठली हा प्रश्न मागाहून पडतो आणि मग नकाशा उघडावा लागतो. एखाद्या नाण्यावर ‘हेल्व्हेशिया’ असे लिहिलेले असते. नकाशात त्या नावाचा देश सापडत नाही. शोध घेतल्यावर तो स्वित्झर्लंड असल्याचे कळते, आणि चार भाषांच्या त्या देशाने नाण्यासाठी चौघींपैकी एकीलाही न निवडता लॅटिन नाव का पत्करले, हेही उमगते. जपानच्या पाच येनांच्या नाण्यावर भाताची लोंबी, पाणी आणि दातेरी चाक आहे. शेती, मासेमारी व उद्योग यांवरचा धडा त्यात आलाच.

परंतु जालन्याच्या विद्यार्थ्याला या अभ्यासासाठी प्रारंभीच परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. निजामाच्या राजवटीत येथे हाली शिक्का चालत असे. त्यावर चारमिनार व हिजरी सन असे. इंग्रजी अमलातील रुपयाला कलदार म्हणत, आणि सहा कलदारांना सात हाली असा ढोबळ हिशेब होता. जालन्याहून जवळच असलेले देऊळगावराजा वऱ्हाडात, म्हणजे कलदारच्या मुलखात. कापूस वा धान्य घेऊन तिकडे जाणारा शेतकरी भाषेची नव्हे, चलनाची सीमा ओलांडत होता. विनिमय दर म्हणजे काय हे त्याला कोणा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने शिकवावे लागले नसेल! १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरही हाली काही वर्षे व्यवहारात राहिला.

येथून पुढे निघावे. रुपया हे नाव नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस व सेशेल्स येथील नाण्यांवर आढळते. इंडोनेशियाचा रुपिया त्याच कुळातला. हिंदी महासागरातील व्यापार कसा पसरला होता, हे या नाण्यांइतके थोडक्यात सांगणारे पाठ्यपुस्तक माझ्या पाहण्यात नाही. आखाती देशांतही आपला रुपया चालत असे. कुवेतने १९६१ साली दिनार काढला आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर इतर बहुतेकांनी रुपयाचा हात सोडला.

किमतीच्या मागे लागलेल्या संग्राहकांविषयी येथे बोलायचे नाही. त्यांचा तो व्यापार आहे. हज यात्रेहून परतलेल्या शेजाऱ्याकडचे हलालाचे एखादे नाणे विद्यार्थ्याला पुरेसे आहे. चिंता आहे ती घरातल्या पेटीतील हालीची. चांदीच्या भावाने तो सोनाराच्या मुशीत जात आहे, आणि त्यावरील अक्षरे वाचू शकणारी, १९४८ पूर्वी उर्दू माध्यमातून शिकलेली पिढी विरळ झाली आहे. शाळांनी तूर्त एवढे तरी करावे: मुलांना वहीत नाण्याचा ठसा घ्यायला सांगावे, आणि ते कोणत्या बाजारात, कशाच्या बदल्यात घरी आले, हे आजोबा-आजींना विचारून त्याखाली लिहून ठेवायला लावावे.