‘उसण’, ‘कटिशूल’ की ‘गृध्रसी’? कंबरदुखीच्या जुन्या नावांचा नेमका अर्थ काय?

अलिबाग : पाऊस स्थिरावला की अलिबाग तालुक्यात भातलावणीची लगबग सुरू होते. दिवसभर चिखलात वाकून रोपे लावल्यावर संध्याकाळी कंबर धरते आणि घरात शब्द ऐकू येतो, ‘उसण भरली’. मग पायाळू माणसाला शोधून त्याचा पाय कमरेला लावून घेण्याची जुनी रीत. वैद्य मात्र ‘कटिशूल’ किंवा ‘गृध्रसी’ म्हणतात, तर डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवर ‘लंबॅगो’ किंवा ‘सायटिका’ असते. ही सगळी एकाच दुखण्याची नावे आहेत का? नाही. या नावांमधील फरक समजून घेऊया.

दुखते कुठे, एवढेच सांगणारी नावे

वाकताना किंवा जड पाटी उचलताना पाठीत अचानक चमक भरते, स्नायू आखडतो, ती उसण. ‘कटिशूल’ हा संस्कृत शब्द. कटि म्हणजे कंबर आणि शूल म्हणजे टोचणारी वेदना. ‘लंबॅगो’ हा शब्द कमरेसाठी असलेल्या ‘लंबस’ या लॅटिन शब्दावरून आला. ही नावे दुखण्याची जागा सांगतात, कारण नाही.

गृध्रसीत गिधाड कुठून आले?

‘गृध्र’ म्हणजे गिधाड. वेदनेमुळे रुग्ण गिधाडासारखा एका बाजूला झुकत, पाय ओढत चालतो, म्हणून हे नाव पडले, असे सांगितले जाते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २८व्या अध्यायात या वेदनेचा मार्गच दिला आहे. ती नितंबापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी असे करत पावलापर्यंत उतरते. सुश्रुतसंहितेत पाय उचलण्याची क्रिया अडते, असे लक्षण दिले आहे. आजही डॉक्टर रुग्णाला उताणे झोपवून त्याचा पाय सरळ वर उचलून पाहतात. ही तपासणी फ्रेंच डॉक्टर लासेग यांच्या नावाने ओळखली जाते.

सायटिका आणि दबलेली नस

‘सायटिका’ या शब्दाचे मूळ ‘इस्कियॉन’ या खुब्यासाठीच्या ग्रीक शब्दात आहे. खुब्याच्या सांध्याचे दुखणे आणि नसेचे दुखणे पूर्वी एकाच नावाखाली येत असे. इटलीतील डॉक्टर कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये हे दोन प्रकार वेगळे केले. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी मणक्यांमधील गादी सरकून नसेच्या मुळावर दाब आल्याने अशी वेदना होते, हे दाखवून दिले.

हा फरक का महत्त्वाचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. यातील बहुतेक दुखण्यांमागे एखादे ठोस कारण सापडत नाही. साधी उसण बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरते. त्यासाठी अंथरुणाला खिळून राहण्याऐवजी झेपेल तेवढी हालचाल सुरू ठेवावी. वेदना पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

या लक्षणांत थांबू नका

- लघवी अडणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे
- जांघेत, गुदद्वाराभोवती बधिरपणा
- पायातील ताकद वेगाने कमी होणे
- कंबरदुखीसोबत ताप
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेली तीव्र वेदना
- पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीला नव्याने सुरू झालेली कंबरदुखी

पहिली तीन लक्षणे दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. नसांवरचा दाब वेळेत कमी झाला नाही, तर कायमचे नुकसान होऊ शकते. अशा वेळी मालीश करण्यात किंवा पायाळू माणूस शोधण्यात वेळ घालवू नये. त्यामुळे पुढच्या वेळी घरात कोणी ‘उसण भरली’ म्हणाले, तर आधी एक प्रश्न विचारा : दुखणे कमरेतच थांबले आहे, की पायात उतरले आहे?