गुणी बचावपटू महाविद्यालयापर्यंत कसा पोहोचतो?

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये बचावफळीच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला दरवर्षी एक पुरस्कार दिला जातो. १९८६ पासून चालत आलेल्या या पुरस्काराला जिम थॉर्प यांचे नाव आहे. थॉर्प हे सॅक अँड फॉक्स या मूळनिवासी जमातीचे. पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल येथे मूळनिवासी मुलांसाठी सरकारने चालवलेल्या निवासी शाळेकडून ते फुटबॉल खेळले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांची सुवर्णपदके त्यांनी जिंकली.

त्याच जागी खेळणाऱ्या एखाद्या मूळनिवासी मुलाला आज महाविद्यालयात जायचे असेल, तर त्याच्या घरच्यांनी आणि शिक्षकांनी काय करावे लागते? आदिवासी मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहणाऱ्या आपल्या वाचकांना ही माहिती दूरची वाटणार नाही.

हा खेळाडू करतो काय?

तिकडचा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. चेंडू लांबट असतो. तो हातात धरून पळायचा किंवा पुढच्या साथीदाराकडे फेकायचा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. फेकलेला चेंडू झेलायला प्रतिपक्षाचा गडी धावतो. त्याला झेलू न देणे, जमल्यास मधल्या मध्ये चेंडू आपणच पकडणे आणि तो निसटलाच तर त्याला खाली पाडणे हे ‘डिफेन्सिव्ह बॅक’ या मागच्या बचावपटूचे काम. कबड्डीतील कोपरारक्षकासारखीच ही जबाबदारीची जागा आहे. इथे चूक झाली की मागे सावरायला सहसा कोणी नसते.

अमेरिकेत दहा लाखांहून अधिक मुले शाळेत हा खेळ खेळतात. त्यातील शंभरांमागे साधारण सात जणांनाच एनसीएए या मोठ्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या संघांत जागा मिळते. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षणशुल्क, राहणे, जेवण आणि पुस्तके हा सगळा खर्च निघतो. गरीब घरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

चांगले काम आकड्यांत दिसत नाही

या जागेची एक अडचण आहे. बचावपटू आपल्या गड्याला इतका चिकटून राहिला की चेंडू त्याच्या बाजूला फेकलाच जात नाही, तर त्याच्या नावावर काहीच नोंदले जात नाही. शिवाय चित्रण करणारा चेंडूमागे कॅमेरा फिरवतो आणि हा मुलगा चौकटीबाहेर राहतो. म्हणून चित्रण उंचावरून करावे, आणि दोन्ही बाजूंचे सर्व खेळाडू दिसतील असे करावे.

निवडक क्षणांची फीत तीन ते पाच मिनिटांची पुरे. उत्तम खेळ अगदी सुरुवातीला ठेवावा, कारण महाविद्यालयाचे प्रशिक्षक असंख्य फिती पाहतात आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच पुढे पाहायचे की नाही हे ठरवतात. प्रत्येक डावाआधी आपला मुलगा कोणता, हे बाणाने किंवा वर्तुळाने दाखवावे. संगीत आणि सजावट नको. ‘हडल’सारख्या सेवेवर ही फीत ठेवून तिचा दुवा पाठवता येतो. एक-दोन पूर्ण सामन्यांचे चित्रणही सोबत द्यावे, कारण थकल्यावर मुलगा कसा खेळतो हे त्यातच कळते.

प्रशिक्षक चार गोष्टी बारकाईने पाहतात. उलटे पळताना तोल राहतो का? उलट्या धावेतून कंबर झटकन वळवून पुढे झेपावता येते का? हवेतल्या चेंडूचा अंदाज येतो का? आणि मोकळ्या मैदानात समोरच्याला एकट्याने पाडता येते का? वेगासाठी ४० यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरची धाव मोजतात. पण घरी घड्याळ लावून काढलेल्या वेळेवर कोणी फारसा विश्वास ठेवत नाही. शाळेच्या मैदानी स्पर्धांत १०० आणि २०० मीटर धावून अधिकृत वेळ नोंदवून घेतली, तर ती कोणीही पडताळू शकतो.

गुणपत्रिका आधी, मैदान नंतर

पुष्कळ घरांना उशिरा कळते ते हे. एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत खेळण्यासाठी नववी ते बारावीत १६ ठरावीक विषय-अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. यांत इंग्रजीचे चार, गणिताचे तीन आणि विज्ञानाचे दोन असतात. उरलेले सामाजिक शास्त्रे व इतर विषयांचे. यांतले दहा बारावी सुरू होण्याआधीच संपलेले असावे लागतात आणि त्या दहांपैकी सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे असावे लागतात. चारच्या मापात सरासरी किमान २.३ हवी. दुसऱ्या श्रेणीसाठी ती २.२ आहे.

बारावीच्या मध्यावर ही यादी हाती आली, तर गेलेली वर्षे परत येत नाहीत. म्हणून नववीतच शाळेच्या समुपदेशकांकडे बसून आपल्या शाळेचे कोणते विषय मान्य आहेत हे तपासावे. पात्रता केंद्रात नाव नोंदवण्याचे शुल्क गरीब घरच्या मुलांना माफ होऊ शकते. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो.

पत्र मुलानेच लिहावे

मूळनिवासी जमातींचे राखीव प्रदेश, ज्यांना तिकडे ‘रिझर्व्हेशन’ म्हणतात, अनेकदा मोठ्या शहरांपासून फार दूर आहेत. नवाहो जमातीचा प्रदेश तर तीन राज्यांत पसरलेला आहे. काही राज्यांत लहान शाळांकडे मुलेच कमी असल्याने आठ किंवा सहा जणांचे संघ उतरवतात. अशा ठिकाणी कोणी शोधत येईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही.

पहिल्या श्रेणीचे फुटबॉल प्रशिक्षक अकरावीच्या १ सप्टेंबरपासूनच मुलाला व्यक्तिगत पत्र पाठवू शकतात. मुलाला मात्र कधीही लिहिण्याची मुभा आहे. पत्र छोटे असावे. नाव, शाळा, इयत्ता, खेळण्याची जागा, उंची, वजन, अधिकृत वेळ, गुणांची सरासरी, चित्रफितीचा दुवा आणि शाळेच्या प्रशिक्षकांचा दूरध्वनी एवढे त्यात असले की झाले. हेच महाविद्यालय का, यावरही मनापासून दोन ओळी लिहाव्यात. वडिलांनी किंवा काकांनी लिहिलेले पत्र लगेच ओळखू येते. मुलाने स्वतः लिहावे; मोठ्यांनी फक्त शुद्धलेखन तपासून द्यावे.

महाविद्यालये उन्हाळ्यात शिबिरे घेतात. प्रवासाला आणि शुल्काला पैसे लागतात, म्हणून जिथल्या प्रशिक्षकांनी आधी उत्तर दिले आहे अशीच शिबिरे निवडावीत.

फक्त नामांकित विद्यापीठांकडे डोळे लावू नयेत. दुसऱ्या श्रेणीत एका संघाला ३६ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम देता येते आणि ती बहुधा अनेकांत वाटली जाते. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण गुण आणि घरची परिस्थिती पाहून मदत मिळते. दोन वर्षांची महाविद्यालयेही आहेत. जिथे मुलगा खेळेल आणि पदवीही घेईल, ती जागा चांगली.

तोंडचा शब्द आणि कागद

प्रशिक्षकांनी तोंडी दिलेला शब्द बंधनकारक नसतो. सह्या बारावीच्या डिसेंबरपासून होतात. सही करण्याआधी विचारावे: ही मदत एका वर्षाची की सगळ्या वर्षांची? दुखापत झाली तर काय? प्रशिक्षक बदलले तर काय? ‘पैसे भरा, शिष्यवृत्ती नक्की’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. तशी हमी कोणालाच देता येत नाही.

पैशांच्या बाबतीत थॉर्प यांचे उदाहरण विसरू नये. ऑलिंपिकआधी काही काळ ते किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळले होते. इतर अनेक महाविद्यालयीन मुले नाव बदलून खेळत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळले. १९१३ मध्ये हौशी खेळाडूंच्या नियमावर बोट ठेवून त्यांची पदके काढून घेण्यात आली. १९५३ मध्ये ते वारले. १९८२ मध्ये त्यांना सहविजेते म्हणून मान्यता मिळाली आणि एकमेव विजेते म्हणून त्यांचे नाव लागायला २०२२ साल उजाडले. आज नियम सैल झाले आहेत. २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येते. शाळकरी मुलांसाठीचे नियम मात्र राज्याराज्यांत वेगळे आहेत. कोणाकडूनही एक डॉलर घेण्याआधी नियम विचारून घ्यावा.

आपल्या मुलांसाठी

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. पाड्यावरच्या मुलांत दम आहे, हे कोणाला सिद्ध करून दाखवण्याची आता गरज उरलेली नाही. कमी पडते ती पाठराखण. आपल्याकडेही दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण आहेत, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण स्पर्धेचे प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत भिजून गेले, नावातले एक अक्षर चुकले किंवा जातवैधतेचा अर्ज राहून गेला, की धावलेले सारे वाया जाते.

आपल्या ओळखीत खेळणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर या सुट्टीत एक तास त्यांच्यासाठी काढावा. प्रमाणपत्रांच्या प्रती काढून एका फाइलमध्ये लावाव्यात, नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एकसारखी आहे ना ते पाहावे, आणि पुढच्या स्पर्धेची वेळ अधिकृतपणे नोंदवून घ्यायला सांगावे. धावायचे काम मुले करतीलच.