कपाटातला कुत्रा

मुलांची लेखन-कार्यशाळा म्हटलं की देणारा लेखक आणि घेणारी मुलं, असंच आपण धरून चालतो. इटालियन बालसाहित्यिक जान्नी रोदारी यांच्या बाबतीत मात्र मुलांनी लेखकाला एक अख्खी कादंबरी दिली. रोमच्या कडेला त्रुल्लो नावाची कष्टकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांबरोबर बोलता बोलता रोदारींची एक गोष्ट आकाराला आली. वस्तीवर आकाशातून एक प्रचंड गोल वस्तू उतरते. परग्रहावरचं यान आलं म्हणून मोठी माणसं लष्कर बोलावतात, आणि तो केक असल्याचा शोध लागतो दोन भावंडांना! अणुस्फोटाच्या फसलेल्या प्रयोगातून तयार झालेला केक. १९६६ साली ही कादंबरी पुस्तकरूपात आली. अणुबॉम्बच्या भीतीवर इतकं खेळकर आणि इतकं गंभीर पुस्तक एकट्या मोठ्या माणसाला सुचलं असतं, असं मला वाटत नाही.

रोदारींचा जन्म १९२०चा, ओमेन्या गावातल्या एका बेकरीवाल्याच्या घरातला. तरुणपणी काही काळ शाळामास्तर, मग पत्रकार. १९७० साली त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. पण त्यांचं मोठं काम त्यानंतरचं. मार्च १९७२मध्ये रेज्जो एमिलिया शहरात सुमारे पन्नास शिक्षकांसमोर, गोष्टी कशा जन्मतात यावर ते आठवडाभर बोलले. त्यातूनच पुढच्या वर्षी ‘कल्पनेचं व्याकरण’ अशा अर्थाच्या नावाचं त्यांचं पुस्तक निघालं.

त्यातली एक युक्ती अशी. एक मूल फळ्याच्या एका बाजूला एक शब्द लिहितं, दुसरं मूल तो न पाहता दुसऱ्या बाजूला दुसरा. समजा, ‘कुत्रा’ आणि ‘कपाट’. शब्द एकमेकांपासून जितके लांबचे तितकं बरं, कारण ओळखीच्या जोड्यांत मन आपोआप जुन्या वाटेने जातं. अनोळखी जोडीत त्याला नवी वाट पाडावीच लागते. मग दोघांना सांधायचं. मराठीत तर हे फार सोपं, कारण आपले प्रत्ययच गोष्टी सुचवतात: कपाटातला कुत्रा, कुत्र्याचं कपाट, कपाटावरचा कुत्रा. यांतल्या प्रत्येकाची गोष्ट वेगळी.

उन्हाळी सुट्टीतल्या एका शिबिरात मी हे करून पाहिलं. तेव्हा माझं स्वतःचं लेखन अडलं होतं. मोठा विषय सापडत नव्हता. फळ्यावर शब्द आले ‘पाटा’ आणि ‘एसटी’. एका मुलीने लिहिलं, आजी लेकीकडे राहायला निघते ती पाटा घेऊनच, आणि कंडक्टर पाट्याचं हाफ तिकीट मागतो. आजी म्हणते, हा माझ्याहून म्हातारा आहे, याला सवलत द्या. घर सोडून निघालेल्या बाईबद्दल मी पानंच्या पानं खरडून टाकून दिली होती. तिचा पाटा मला दिसला नव्हता. त्या रात्री मी पुन्हा लिहायला बसले.

शिबिरात आलेल्या एका पालकांनी लेकीची वही उघडून आधी ऱ्हस्व-दीर्घ दाखवले, तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. रोदारींच्या पुस्तकात एक मूल गार्डा सरोवराऐवजी चुकून ‘गार्डाची सुई’ लिहितं. इटालियनमध्ये फरक फक्त एका चिन्हाचा. ती चूक लगेच दुरुस्त करायची, की त्या अजस्र सुईची गोष्ट लिहायची, असा प्रश्न रोदारी तिथे विचारतात. मी गोष्टीच्या बाजूने आहे. शुद्धलेखन शिकवायलाच हवं, पण गोष्ट पुरी झाल्यावर.

या दिवाळीच्या सुट्टीत घरात मुलं जमतील. त्यांना दोन शब्द लिहायला सांगा, एकमेकांचे न पाहता. त्या दिवशी वही तपासू नका. तुम्ही स्वतः लिहीत असाल, तर आपलीही वही घेऊन त्यांच्या शेजारी बसा आणि तेच दोन शब्द घ्या.