खरूज : एका घराचा नव्हे, वस्तीचा रोग

पटकी किंवा प्लेग ह्यांचे नाव निघाले की माणसे गंभीर होतात. खरजेचे नाव निघाले की हसतात. खरजेने सहसा कोणी मरत नाही, आणि जो रोग मारीत नाही त्याची दखल घेण्याची आपली रीत नाही. तरीही कोणत्याही एका वेळी जगात सुमारे २० कोटी माणसे खरजेने पछाडलेली असतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तिने हा रोग उपेक्षित रोगांच्या यादीत घातला तो २०१७ साली!

खरूज रक्त बिघडल्याने किंवा उष्णतेने होत नाही. बोनोमो ह्या इटालियन वैद्याने १६८७ मध्येच सूक्ष्मदर्शकातून खरजेचा किडा पाहून त्याचे वर्णन केले होते. ह्या किड्याची मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती ती कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते व अंडी घालीत पुढे सरकते. साध्या खरजेत साऱ्या अंगावर मिळून असे दहा-पंधराच किडे असतात. खाज सुटते ती शरीराला त्यांचे वावडे उत्पन्न होते म्हणून. आणि प्रथमच लागण झालेल्यास त्याला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे माणूस खाजवू लागण्यापूर्वीच त्याने रोग घरात वाटलेला असतो.

खरजेचे सारे मर्म येथे आहे. जो खाजवतो त्यालाच मलम चोळायचे, हा आपला नित्याचा उपचार. मग महिन्याभराने रोग परतला की दोष मलमाला! खाज असो वा नसो, घरातल्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घेतला पाहिजे. दुकानातून विचारून आणलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमाने तर खाज तेवढी दबते, किडा सुखाने नांदतो.

खरूज म्हणजे घाणेरडेपणा, ही समजूतही तपासून पाहावी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेफील्ड येथे केनेथ मेलन्बी ह्यांनी रुग्णांची वापरलेली वस्त्रे व अंथरुणे स्वयंसेवकांना वापरावयास दिली. फारच थोड्यांना बाधा झाली. रोग पसरतो तो मुख्यतः कातडीला कातडी लागून. एका खोलीत आठ माणसे निजत असतील, तर रोज स्नान करूनही तो टळणार नाही.

खाजवून झालेल्या जखमांतून स्ट्रेप्टोकोकस जंतू शिरतात, पू होतो, आणि काही मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येते. हसण्यावारी नेलेला रोग असा आत पोचतो.

फिजी बेटांवरील एका प्रयोगाची हकीकत २०१५ साली प्रसिद्ध झाली. एका ठिकाणी केवळ रुग्ण व त्यांच्या निकटच्या माणसांना मलम दिले. तेथे खरजेचे प्रमाण वर्षभरात शेकडा ३७ वरून १९ वर आले. दुसरीकडे साऱ्या वस्तीलाच आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या, आणि लहान मुले, गरोदर स्त्रिया ह्यांना मलम. तेथे शेकड्यास ३२ होते ते २ उरले. आणि पुवाचे फोड, ज्यांच्यासाठी निराळे औषध दिलेच नव्हते, तेही शेकडा २५ वरून ८ वर उतरले.